रोजचं गिऱ्हाईक, वाटेवरचं गिऱ्हाईक

दक्षिण इटलीतल्या पुल्या प्रांतात आल्तामुरा नावाचं गाव आहे. वस्ती साधारण सत्तर हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याच्या गावाएवढी. हे गाव पावासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडच्या बन्सी गव्हाच्या जातकुळीतला जो कडक, पिवळसर डुरम गहू असतो, त्याच्या बारीक रव्यापासून हा पाव करतात. त्याची साल जाड असते आणि तो बरेच दिवस टिकतो. २००३ मध्ये युरोपीय संघाने त्याला मूळ स्थानाशी बांधलेला संरक्षित दर्जा (पीडीओ) दिला आणि हा दर्जा मिळवणारा तो युरोपातला पहिला पाव ठरला.

त्याच्या दोन वर्षं आधी, २००१ मध्ये, या गावात मॅकडोनाल्ड्सची शाखा उघडली. प्रशस्त जागा, झगझगीत पाटी, मुलांसाठी आकर्षणं, सगळं नेहमीप्रमाणे होतं. थोड्याच दिवसांत लुका दिजेसू या बेकरीवाल्याने शेजारीच आपलं छोटंसं दुकान थाटलं. तिथे मिळायची ती फोकाच्या, म्हणजे ऑलिव्ह तेल आणि टोमॅटो घालून भाजलेला चपटा पाव. ती पिढ्यान्‌पिढ्या गावकऱ्यांच्या खाण्यातली होती आणि तुलनेने स्वस्तही. मॅकडोनाल्ड्सवर दगडफेक झाली नाही की नगरपालिकेने बंदी घातली नाही. लोक आपले सवयीने शेजारच्या दुकानात शिरत राहिले. डिसेंबर २००२ मध्ये मॅकडोनाल्ड्सने आल्तामुरातला गाशा गुंडाळला. पुढे जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही गोष्ट छापली आणि २००९ मध्ये निको चिरासोला या दिग्दर्शकाने तिच्यावर ‘फोकाच्या ब्लूज’ नावाचा चित्रपट काढला.

छोट्याने मोठ्याला हरवल्याची गोष्ट सगळ्यांनाच आवडते, पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही. त्याच इटलीत आज मॅकडोनाल्ड्सच्या ६०० हून अधिक शाखा आहेत. त्यातली एक रोममध्ये ‘पियात्सा दी स्पान्या’ या प्रसिद्ध चौकाजवळ आहे. १९८६ मध्ये ती उघडली तेव्हा मोठा निषेध झाला होता. कार्लो पेट्रिनी आणि त्याच्या साथीदारांच्या ‘स्लो फूड’ चळवळीला बळ मिळालं ते याच निषेधातून आणि १९८९ मध्ये पॅरिसला या चळवळीचा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा निघाला. चळवळ जगभर पसरली, पण ती शाखा आजही तिथेच आहे.

देश एक, कंपनी एक. जिथे कडाडून विरोध झाला तिथे दुकान टिकलं आणि जिथे फारसं कुणी काही बोललं नाही तिथे ते बुडालं. याचं उत्तर पदार्थात शोधून सापडत नाही. त्यासाठी गिऱ्हाईक कोण होतं ते पाहावं लागतं. रोमच्या त्या चौकात रोज हजारो पर्यटक येतात आणि त्यातले बहुतेक पुन्हा कधी येणार नसतात. आल्तामुरात खाणारा माणूस उद्याही तिथेच खाणार असतो. या प्रकरणात आपण जे पाहणार आहोत, त्याचं मूळ या एका फरकात आहे.

अनोळखी गावात कुठे जेवायचं?

१९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. पुढे २००१ मध्ये त्याला मिळालेल्या नोबेल पारितोषिकामागे हाच निबंध होता. विषय होता जुन्या मोटारींच्या बाजाराचा. गाडीत काय खोट आहे ते विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. या अज्ञानामुळे चांगल्या मालालाही भाव मिळत नाही आणि हळूहळू बाजारात वाईट मालच उरतो.

असा बाजार मग चालतो कसा? अकरलॉफने काही उपाय सांगितले: हमीपत्र, नाममुद्रा आणि साखळी दुकानं. साखळीबद्दल बोलताना त्याने उदाहरण दिलं ते हमरस्त्यावरच्या खाणावळींचं. त्याचं म्हणणं असं की शहरांना जोडणाऱ्या रस्त्यांवर साखळीतली हॉटेलं जास्त दिसतात, कारण तिथलं गिऱ्हाईक क्वचितच स्थानिक असतं. नाव असलेल्या साखळीचा पदार्थ तिथल्या सरासरी हॉटेलापेक्षा बरा निघतो. मात्र ज्याला आपला परिसर माहीत आहे, तो माणूस आपल्या आवडीची दुसरी जागा शोधून काढतो.

याचा अर्थ साखळी हॉटेलात विकली जाते ती मुख्यतः खात्री. ही खात्री ज्याच्याजवळ आधीच आहे, त्याला ती विकत घेण्याचं कारण नाही. आपल्या गावात मिसळ कुणाकडे खायची, रस्सा कुठला झेपतो, कुठल्या हॉटेलात सकाळचंच तेल रात्रीपर्यंत चालतं, हे आपल्याला पाठ असतं. दुसऱ्या गावात रात्री साडेनऊला एसटीतून उतरलो की हे सगळं ज्ञान शून्य होतं. तेव्हा ओळखीची पाटी दिसली की हायसं वाटतं.

रेल्वेच्या फलाटावरचा जन्म

साखळी हॉटेलांचा इतिहासही हेच सांगतो. १८७० च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिम भागात रेल्वेने जाणाऱ्यांचे खाण्याचे भयंकर हाल होत. गाडी वीस-पंचवीस मिनिटं थांबायची. तेवढ्या वेळात स्टेशनवरच्या हॉटेलात पैसे आधी घेतले जात, जेवण उशिरा येई आणि पहिला घास तोंडात जातो न जातो तोच गाडी सुटण्याची घंटा होई. ताटात राहिलेलं अन्न पुढच्या गाडीतल्या प्रवाशांना वाढल्याच्या कथाही सर्रास सांगितल्या जात. हॉटेलवाल्याला फिकीर नव्हती, कारण हे गिऱ्हाईक काही परत येऊन भांडणार नव्हतं.

इंग्लंडहून आलेल्या फ्रेड हार्वेने १८७६ मध्ये कॅन्सस राज्यातल्या टोपेका इथे सांता फे रेल्वेच्या स्टेशनवर आपलं उपाहारगृह सुरू केलं आणि पुढे त्या मार्गावर ठिकठिकाणी शाखा काढल्या. कुणाला काय हवं ते गाडीतच विचारून घ्यायचं, तारेने पुढच्या स्टेशनला कळवायचं आणि गाडी पोचेपर्यंत ताटं मांडून ठेवायची, अशी त्याची पद्धत होती. पांढरीशुभ्र टेबलं आणि ठरलेला दर्जा हे सगळ्या शाखांत सारखं. १८८३ पासून वाढायला गणवेशातल्या तरुण मुली आल्या. अमेरिकेतल्या पहिल्या हॉटेल-साखळीचा मान सहसा हार्वेलाच दिला जातो. त्याची युक्ती सोपी होती. एका स्टेशनवर फसवलेला प्रवासी पुढच्या स्टेशनवर आपल्याच दुसऱ्या शाखेत येणार आहे, म्हणून त्याला फसवून चालत नाही. साखळीमुळे वाटेवरचं गिऱ्हाईकसुद्धा रोजच्या गिऱ्हाइकासारखं होतं.

रेल्वेनंतर मोटारी आल्या. १९२१ मध्ये विचिटा शहरात ‘व्हाइट कॅसल’ ही हॅम्बर्गरची पहिली साखळी निघाली. १९०६ च्या ‘द जंगल’ या कादंबरीने शिकागोच्या मांस कारखान्यांतली घाण चव्हाट्यावर आणली होती आणि खिम्याकडे लोक संशयाने पाहत होते. म्हणून दुकानं पांढऱ्याधोप मुलाम्याची, भटारखाना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर आणि दर पाच सेंट. पुढे मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये सॅन बर्नार्डिनोतल्या आपल्या दुकानात कारखान्याची कामवाटणी आणली आणि १९५५ मध्ये रे क्रॉकने ती देशभर न्यायला सुरुवात केली. या सगळ्यांचा बराचसा ग्राहक फिरस्ता होता.

मालकाशिवायची साखळी

महाराष्ट्रात साखळी आली ती परदेशी कंपन्यांच्या आधी आणि कुठल्याही मुख्य कार्यालयाशिवाय. उडुपी परिसरातून आलेल्या लोकांनी विसाव्या शतकात मुंबईत आणि मग गावोगावी हॉटेलं काढली. माटुंग्याचं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ मधलं. तिथून पाचशे किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावातही स्टँडसमोर ‘उडुपी’ अशी पाटी असे आणि आत काय मिळेल ते शिरण्याआधीच ठाऊक असे. इडली, वडा, डोसा, उपमा, स्टीलच्या ताटल्या, गल्ल्यामागे देवाची तसबीर आणि भिंतीवर दरपत्रक. ना रॉयल्टी, ना करारनामा. कपबश्या विसळायला आलेला पोऱ्या टेबलावर यायचा, मग भट्टीवर, मग गल्ल्यावर. शेवटी एखाद्या नातेवाइकाच्या मदतीने दुसऱ्या गावात स्वतःचं हॉटेल काढायचा. शिकलेली पद्धत तो बरोबर नेई, त्यामुळे चव आणि शिस्तही सोबत जाई.

हार्वेने तार आणि रेल्वे वापरून जे साधलं, ते उडुपीवाल्यांनी नात्यागोत्यातून साधलं. त्यांचंही गिऱ्हाईक बहुतेक वाटेवरचं होतं: कोर्टाच्या तारखेला आलेला शेतकरी, बदली होऊन आलेला मास्तर, औषधांच्या कंपनीचा फिरता प्रतिनिधी. गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला मात्र घरची चूल होती आणि घर नसलेल्याला खानावळ.

खानावळीचं गणित याच्या अगदी उलट. तिचे ‘मेंबर’ ठरलेले असतात: बँकेतले साहेब, आयटीआयची मुलं, एकटा राहणारा कंपाउंडर. पैसे महिन्याला, हिशेब वहीत. वाढणाऱ्या मावशींना कुणाला भात जास्त लागतो, कुणाचा गुरुवार असतो, कुणाला डॉक्टरांनी तिखट वर्ज्य केलंय, हे माहीत असतं. वहीत ज्याचं नाव आहे त्याला पाटी वाचायची गरज नसते.

साखळीचा आचारी कुठे असतो?

परदेशी साखळ्या भारतात आल्या त्या १९९० च्या दशकात. डॉमिनोजचं पहिलं दुकान जानेवारी १९९६ मध्ये दिल्लीत उघडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मॅकडोनाल्ड्स दिल्लीत आणि मुंबईत वांद्र्याला आलं. दुकानांच्या आधी काही वर्षं पुरवठ्याची बांधणी चालली होती आणि तिच्यातला बराच भाग महाराष्ट्रात होता. चीज बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीचं, लेट्यूसची पानं तळेगावची, टिक्क्या तळोज्याच्या कारखान्यातल्या. मॅकडोनाल्ड्सचं चकचकीत दुकान बारामतीकरांनी पाहण्याच्या आधीच बारामतीचं दूध मुंबईच्या बर्गरमध्ये जाऊन पोचलं होतं.

साखळीची खरी ताकद इथे आहे. तिचा आचारी दुकानात नसतो, कारखान्यात असतो. टिक्की तिथेच वळली जाते, अर्धी तळली जाते आणि गोठवली जाते. गाडी उणे तापमानात ती दुकानापर्यंत आणते. दुकानातला मुलगा फक्त ठरलेल्या तापमानाच्या तेलात ठरलेले सेकंद ती सोडतो आणि यंत्राने घंटी दिली की काढतो. तो मुलगा उद्या काम सोडून गेला तरी चवीत काही फरक पडत नाही. आपल्याकडच्या हॉटेलात मात्र वस्ताद रुसला की हॉटेल बसलं.

याच व्यवस्थेची दुसरी बाजू अशी की जे कारखान्यात करता येत नाही, ते साखळीला विकता येत नाही. जळगाव भागात थंडीत मोठी, हिरवट वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून भरीत करतात. वांगं दोन-तीन महिन्यांचं आणि काड्याही त्याच सुमाराच्या. वर्षभर, चारशे गावांत, एकाच चवीचं भरीत देणं कुठल्याही कंपनीला परवडायचं नाही. कोल्हापूरचा पांढरा रस्सा, नागपूरची सावजी, मालवणची सोलकढी यांचंही थोड्याफार फरकाने तेच. ते पदार्थ घराघरांत आणि हॉटेलाहॉटेलांत बदलतात आणि खवय्ये त्या बदलावरच तर वाद घालतात.

एका दिवसाचा हिशेब

आता थोडं अंकगणित. पुढचे आकडे फक्त समजुतीसाठी घेतलेले आहेत. समजा, सत्तर हजार वस्तीच्या गावात साखळीचं एक दुकान आहे. भाडं, पगार, वातानुकूलन, जनरेटर, कर्जाचा हप्ता आणि कंपनीला द्यायचा वाटा मिळून दिवसाला १५,००० रुपये उठतात. सरासरी बिल ४०० रुपयांचं. कच्चा माल वजा जाता त्यातले १४० रुपये उरतात. म्हणजे रोज १०८ बिलं फाडली तर दुकान जेमतेम बरोबरीत. महिन्याला साधारण ३,२०० बिलं झाली.

शेजारच्या गल्लीत एक खानावळ आहे. जागा घरचीच, राबणारी माणसं घरची, हाताखाली दोन बायका. दिवसाचा ठरलेला खर्च १,५०० रुपये, थाळीमागे ४० रुपये सुटतात. रोज ३८ थाळ्या गेल्या की खर्च निघाला. पाऊस लागला, बाजार भरला नाही, यात्रेमुळे सगळं गाव देवाला गेलं, तरी खानावळ त्या दिवशी कणीक कमी मळते आणि निभावून नेते. टोमॅटो कडाडले की आमटीत चिंच पडते. साखळीला हे स्वातंत्र्य नाही. दिवा, एसी, गणवेशातली माणसं आणि पुस्तिकेतली कृती, सगळं चालूच ठेवावं लागतं.

यावरून साखळ्या छोट्या गावांत चालत नाहीत, असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा ठरेल. भारतातल्या डॉमिनोजच्या दुकानांची संख्या २०२४ मध्ये २,००० च्या पुढे गेली आणि ती ४०० हून अधिक शहरांत पसरली आहेत. इतकी शहरं मोजायची म्हटली तर जिल्ह्याची आणि तालुक्याची गावं त्यात येणारच. पण ज्यांना तिथलं प्रत्येक हॉटेल तोंडपाठ आहे, अशा लोकांनी साखळीत का जावं?

गावातलेच लोक साखळीत का जातात?

चवीसाठी जाणारे आहेतच, विशेषतः मुलं. पण एखाद्या संध्याकाळी अशा दुकानात नुसती नजर फिरवली तरी दुसरी कारणं दिसतात. एका टेबलावर कॉलेजच्या चार मुली तासभर गप्पा मारत बसलेल्या असतात. एका कोपऱ्यात कुणाचा तरी पाचवा वाढदिवस चालू असतो. नवीन लग्न झालेलं जोडपं असतं. यांतल्या बऱ्याच जणांना गावातल्या जुन्या हॉटेलात जागाच नव्हती.

हे कबूल करायला हवं. तालुक्याच्या गावातलं हॉटेल ही बहुतेक करून पुरुषांची जागा राहिली. बाहेरच्या बाकांवर पेपर, तंबाखू आणि राजकारण. बायकांसाठी आत ‘फॅमिली रूम’ नावाची एक कोंदट खोली, तिला पडदा आणि पंखा बंद. एकट्या मुलीने चहा घ्यायला आत पाऊल टाकलं की सगळी टेबलं गप्प. हात धुवायच्या मोरीवर तेलकट साबणाचा तुकडा, तोही पाण्यात विरघळून गेलेला, आणि स्वच्छतागृहाचा विषय काढायची सोय नाही. चवीसाठी वाखाणलेली कितीतरी हॉटेलं या एका परीक्षेत नापास होतात.

साखळीने गावात आणलेली सगळ्यात मोठी वस्तू पिझ्झा नव्हे. दरवाजा उघडून कुणीही आत यावं, दर वाचावा, पैसे द्यावे आणि कुणाच्याही नजरा न झेलता बसावं, ही मोकळीक तिने आणली. अकरलॉफच्या भाषेत सांगायचं तर ही आणखी एक खात्री झाली. ती रोजच्या गिऱ्हाइकालाही हवी होती आणि स्थानिक हॉटेलांनी ती देऊ केली नव्हती. जिथे दिली तिथे चित्र बदललं. कोल्हापूर-नाशिककडच्या मिसळीच्या बागेसारख्या मोकळ्या जागांत रविवारी सकाळी सहकुटुंब गर्दी असते ती काही फक्त तर्रीसाठी नसते.

रस्ता बदलला की गिऱ्हाईक बदलतं

स्थानिक हॉटेलांना साखळीपेक्षा मोठा फटका बसतो तो रस्त्याचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. जुन्या रस्त्यावर कुणीही टपरी टाकून वडे तळू शकत होता. द्रुतगती मार्गाला मधूनच शिरायची सोय नाही, त्यामुळे टपरीही नाही. ठरलेल्या जागी फूड मॉल आणि तिथे भाडं परवडणाऱ्यांचीच दुकानं. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी असा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. सुरुवातीला त्यावर चहा-जेवणाच्या सोयी नसल्याची ओरड झाली आणि आता तिथेही मोठ्या थांब्यांचीच रचना येते आहे.

गावाला वळसा घालणारा बायपास झाला की स्टँडसमोरच्या उडुप्याचं, नाक्यावरच्या ढाब्याचं वाटेवरचं गिऱ्हाईक एका दिवसात नाहीसं होतं. ते गिऱ्हाईक ज्या रस्त्यावर गेलं, तिथे साखळी त्याची वाट पाहत असते. स्पर्धा न होताच निकाल लागतो. त्यात मुलगा इंजिनिअर झालेला, वस्ताद म्हातारा झालेला आणि व्यावसायिक सिलिंडर महागलेला. गावातलं एखादं नामांकित हॉटेल बंद पडतं तेव्हा त्यामागे समोरच्या बर्गरवाल्यापेक्षा ही कारणं बलवत्तर असतात.

साखळी आपलीच असली तर?

तालुक्याच्या गावातल्या बऱ्याच साखळ्या आता आपल्याकडच्याच आहेत. वडापावचंच पाहा. २००१ मध्ये मालाड स्टेशनजवळ जंबोकिंग सुरू झालं आणि २००४ मध्ये कल्याणला गोली वडापाव. दोघांनीही वड्याला साखळीत बसवलं. जंबोकिंगची दुकानं मुंबईत प्रामुख्याने रेल्वे स्थानकांच्या आसपास वाढली आणि ते योग्यच होतं. फलाटाकडे पळणाऱ्याला गाडीवाला निवडायला सवड नसते. पण शाळेच्या कोपऱ्यावर वर्षानुवर्षं समोर वडा तळून देणाऱ्याचं गिऱ्हाईक अशा दुकानाने पळवलेलं क्वचितच दिसेल.

चहाचं उदाहरण याहून बोलकं आहे. पुण्यातली अमृततुल्य दुकानं राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी चालवली. एकेक दुकान एकेका घराचं, समोर पितळी भांडं आणि मालक स्वतः चहा करायला. गेल्या काही वर्षांत याच नावाखाली फ्रँचायझीचं पेव फुटलं. आता लहानसहान गावांतही सारख्याच रंगाच्या पाट्या दिसतात. मसाला मुख्य कंपनीकडून येतो, प्रमाण ठरलेलं असतं आणि गल्ल्यावर मात्र गावातलाच तरुण असतो, वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून दुकान घेतलेला. हे दुकान स्थानिक म्हणायचं की साखळीचं?

पैसा कुठे जातो, हे पाहिलं तर उत्तर थोडं स्पष्ट होतं. शिकागोच्या अँडरसनविल भागात २००४ मध्ये एका स्थानिक संस्थेने पाहणी करून घेतली होती. स्थानिक दुकानात खर्च झालेल्या १०० डॉलरपैकी ६८ डॉलर शहराच्या अर्थव्यवस्थेत राहत होते, साखळी दुकानातले ४३. अमेरिकेतल्या एका वस्तीचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण तर्क तोच राहतो. हॉटेलवाला भाजी मंडईतून घेतो, किराणा गावातल्या व्यापाऱ्याकडून, हिशेब गावातल्याच सीएकडून लिहून घेतो. फ्रँचायझीत पगार आणि भाडं गावात राहतं. मसाला, गोठवलेला माल, जाहिरात आणि रॉयल्टी यांचे पैसे गावाबाहेर जातात. त्यामुळे फ्रँचायझी घेणाऱ्या तरुणाने पाटीच्या रंगाआधी करारनाम्यातली ही कलमं वाचावीत.

खिशातला फोन

अकरलॉफचा निबंध आला तेव्हा अनोळखी माणसाला गावाची माहिती मिळण्याचा मुख्य मार्ग होता कुणाला तरी विचारणं. आज फोनवर नकाशा उघडला की हॉटेलं, तारे, फोटो आणि लोकांचे शेरे समोर येतात. गावकऱ्याचं ज्ञान वाटेवरच्या माणसालाही मिळू लागलं, तर साखळीच्या खात्रीला किती किंमत उरेल?

हार्वर्डच्या मायकेल ल्युका या संशोधकाने २०११ मध्ये नेमकं हेच तपासलं. त्याने सिएटल शहरातल्या हॉटेलांच्या उत्पन्नाची सरकारी नोंद आणि ‘येल्प’ या संकेतस्थळावरचे तारे शेजारी ठेवले. एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं दिसलं. पण ही वाढ स्वतंत्र हॉटेलांची होती. साखळी हॉटेलांवर ताऱ्यांचा परिणाम आढळला नाही, कारण तिथे काय मिळेल हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. शिवाय येल्पचा वापर वाढत गेला तसा साखळ्यांचा बाजारातला वाटा कमी होत गेला.

छोट्या गावातल्या हॉटेलांच्या हाती यापेक्षा स्वस्त हत्यार दुसरं नाही. खोटे शेरे असतात, घरपोच डिलिव्हरीच्या ॲपचं कमिशन झोंबतं, हे खरंच. तरी नकाशावर आपलं हॉटेल नीट असणं फुकट आहे. आजही तालुक्याच्या गावात ज्या खानावळीपुढे दुपारी रांग लागते, तिचं नाव नकाशावर चुकीचं असतं, वेळ नसते आणि फोटो शटर ओढलेल्या दुकानाचा असतो. साडेनऊला एसटीतून उतरलेला माणूस मग ओळखीच्या पाटीकडे वळतो आणि त्यात त्याचा काही दोष नसतो.

हॉटेलमालकांना सांगायचं ते एवढंच: चव तुमच्याकडे आहेच, आता दर लिहून लावा, मोरी आणि स्वच्छतागृह स्वच्छ ठेवा आणि एकट्या बाईला निवांत बसता येईल असं एक टेबल पंख्याखाली ठेवा. आणि वाचकहो, तुम्ही जिथे वर्षानुवर्षं जेवता त्या हॉटेलाबद्दल आज चार ओळी लिहा. काय खावं, कितीला मिळतं, किती वाजेपर्यंत मिळतं आणि कुठल्या वारी बंद असतं, एवढं पुरे. वाटेवरच्या माणसाला तेवढंच हवं असतं आणि ते सांगू शकणारे फक्त तुम्हीच आहात.